तेरा अनामिक थडगी

इंग्लंडमधील डार्टमूरच्या निर्जन माळावर १८५४ साली एका वाटाड्याने बाटली ठेवली. पोहोचणाऱ्याने तीत आपल्या नावाचे कार्ड टाकावे. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद जन्मला व पुढे अमेरिकेतही रुजला. रानात दडवलेली डबी खुणांवरून शोधावी, तिच्यातील शिक्का आपल्या वहीत व आपला तिच्या वहीत उमटवावा. व्यवहार चोख! ही भटकंती कधी जुन्या सैनिकांच्या थडग्यांशीही नेते.

अमेरिकेतच, मिसिसिपी राज्यातील टुपेलोजवळ, जुन्या नॅचेझ ट्रेस मार्गालगतच्या झाडीत तेरा थडगी आहेत; यादवी युद्धातील दक्षिणेच्या सैनिकांची म्हणून ती ओळखली जातात. नाव एकाचेही ठाऊक नाही. मरण जखमांनी आले की रोगाने, हेही नाही. येणारेजाणारे त्या दगडांवर नाणी ठेवतात. कोणाच्या नावे, हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.