पानापानावर टाके!

काय सांगू, सध्या मी झपाटल्यासारखी लहान मुलांची पुस्तकं वाचतेय! अमेरिकेत नेपरव्हिलला लेकीकडे आलेय. इथे जेफर्सन अव्हेन्यूवर निकल्स लायब्ररी आहे. तिथे नातीने ‘ब्रेव्ह गर्ल’ नावाचं पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं आणि ते संपेपर्यंत मी जागची हलले नाही.

गोष्ट खरी आहे, क्लारा लेमलिकची. युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेली गरीब ज्यू पोर. दिवसभर कारखान्यात ब्लाउज शिवायचे आणि रात्री अभ्यासाला बसायचं. संप केला म्हणून गुंडांनी बरगड्या मोडल्या, तरी ही मागे हटली नाही! 22 नोव्हेंबर 1909 च्या सभेत पुढारी नुसते बोलत राहिले, तेव्हा ही उठली आणि आपल्या यिडिश भाषेत संपाची हाक दिली. वीसेक हजार कामगार रस्त्यावर आले, त्यात बहुतेक मुलीच!

आणि चित्रं! मेलिसा स्वीट या चित्रकर्तीने जलरंगांच्या जोडीला कापडाचे तुकडे घेतलेत, हिशेबाच्या वहीचा कागद घेतलाय आणि वर चक्क शिलाईचे टाके घातलेत. मी बोट फिरवून पाहिलं. छापीलच आहेत, पण दोरा हाताला लागेल असं वाटत राहतं. जिचं तरुणपण मशीनवर गेलं, तिची गोष्ट शिवूनच सांगायची, हे सुचलं कसं असेल? मिशेल मार्केलने मजकूरही मोजकाच लिहिलाय. नात चित्रं वाचते, मी अक्षरं.

मग आम्हाला ‘मे अमंग द स्टार्स’ मिळालं. मे जेमिसन वाढली शिकागोत, म्हणजे इथून तासाभरावर. पुस्तकातली छोटी मे अंतराळवीर व्हायचं म्हणते आणि वर्गातल्या बाई नर्स हो म्हणून सुचवतात. त्या पानावर नात इतकी चिडली! 1992 साली मे खरोखरच एंडेव्हर यानातून अवकाशात गेली, हे सांगितल्यावरच तिने पुढचं पान उलटू दिलं.

आता डोक्यात एकच घोळतंय, आनंदीबाई जोशींवरचं असंच चित्रपुस्तक! न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचतात, इथून पहिलं पान सुरू व्हावं. मग 1883 चा कलकत्त्याहून निघालेला जहाजप्रवास. आणि 1885 चा तो फोटो: लुगड्यातल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, तिघी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकणाऱ्या. त्याला दोन पानंभर जागा हवी!

मराठी चित्रकारांनो, प्रकाशकांनो, काढा हो असं पुस्तक. मोठ्या आकाराचं, मोजक्या मजकुराचं, आणि काठापदराची कापडं खुशाल चिकटवा त्यात.