पांडवकडा

पावसाने जोर धरला की आमच्या गॅलरीतून समोरच्या डोंगरावर एक पांढरी रेघ दिसू लागते. पांडवकडा जागा झाला, असं आम्ही खारघरची माणसं म्हणतो. खरं तर तो निजलेला कधीच नसतो. त्याला पाहावं चैत्र-वैशाखात, पाणी नसताना. काळा, रुंद छातीचा, अंगावर वाळक्या शेवाळाचे पट्टे. 107 मीटर उंच, आणि चकार शब्द नाही.

पांडव इथे आंघोळीला येत, म्हणून हे नाव. ही कथा मला प्रिय आहे. पण कडा त्यांची वाट पाहत थांबला नव्हता. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि दख्खनचा कातळ घडला. हा त्याच घराण्यातला. आपली मनुष्यजात आली जेमतेम 3 लाख वर्षांपूर्वी. कड्याचं सारं वय त्याच्या उंचीवर मांडलं, तर आपला वाटा गुडघ्याएवढा.

या घराण्याची एक रीत मला रात्री जागं ठेवते. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत येतं आणि तिथे झिओलाइटचे स्फटिक धरतात. दुधी, फिकट गुलाबी. मिट्ट काळोखात, लाखो वर्षं, पाहायला कुणाचा डोळा नसताना. एखाद्या खाणीत सुरुंग लागतो, पोकळी उघडते आणि आपण हरखतो. ते सौंदर्य आपल्यासाठी घडवलं असतं, तर असं दगडात बंद करून कोण ठेवेल?

या कड्याखालच्या पाण्यात माणसं बुडाली आहेत. वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, ते योग्यच. पण त्याला ‘जीवघेणा’ म्हटलं की मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. त्याच्या मनात आपल्याविषयी वैर नाही, मायाही नाही. तो झिजतो आहे. कण कण सुटतो, ओढ्याने खाडीकडे जातो, तिथल्या गाळात खारफुटी मूळ धरते. विश्वाला हेतू असलाच तर तो असाच काहीतरी असावा, असं मला मनापासून वाटतं. पुढच्याला जागा करून देणारा, आणि तो पुढचा माणूसच असावा असा हट्ट नसणारा.

दिवाळीनंतर पायथ्याशी गेले होते. भेगेत तेरड्याचं वाळकं रोप होतं. बोंडं तडकून बिया केव्हाच उडाल्या होत्या. मुळाशी चिमूटभर काळी माती होती, कड्याचीच.