राज्य कोणावर येतं?

परीक्षा मुलांची नाही, प्रश्नांची! असलं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मुलांच्या आपसातल्या मैत्रीविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली भाचीनं मराठीत आणली. मला वाटलं, झालं काम, आता कागद वाटायचे नि गोळा करायचे. छे! मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून तिनं ते मराठी परत इंग्रजीत करून घेतलं, दोन्ही इंग्रजी ताडून पाहिली, आणि मग पालकांची परवानगी घेऊन आम्ही गावातल्या मुलांसमोर बसलो. उत्तराला खूण कर आणि तीच का केलीस ते सांग, एवढंच त्यांचं काम.

'मुलं मला खेळायला घेतात.' तिसरीतल्या एका पोरानं झटकन 'नेहमी'वर खूण केली. कशावरून रे?

"घेतत ना! मी कच्चो लिंबू."

मग बोटानं बाकावर रेघा ओढत म्हणाला, "माझ्यार राज्य येणा नाय."

मी भाचीकडे बघतच राहिले! कागदावर पैकीच्या पैकी गुण, आणि पोर खेळात असून नसल्यासारखं! मराठी सोपं, स्वच्छ, उलट भाषांतरातही बिनचूक. तरी हवं ते हाती लागलं नव्हतं. हे एखाद्या आकड्यानं कळलं असतं का? क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला 'अल्फा' सगळे वापरतात, ०.७० च्या वर गेला की हायसं वाटतं. पण तो सांगतो प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच. सगळे मिळून भलतंच मोजत असले, तरी अल्फा उत्तमच येईल!

आणि हे आमच्याच प्रश्नावलीपुरतं नाही. मुलांच्या वागण्याविषयीची रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली प्रश्नावली जगभर चालते. २५ विधानं, त्यातली ५ सोबत्यांविषयी. समवयस्कांपेक्षा मोठ्यांशी जास्त जमणं ही तिच्यात अडचण धरली जाते. आणि आमच्याकडे आईबाप मुंबईला, पोर आजीपाशी, अशी किती घरं! तिथे त्या खुणेचा अर्थ तोच राहतो का, हे तपासायलाच हवं. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांच्या बुद्धिचाचण्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या, १९४० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तेव्हाच कोणीतरी एवढी मेहनत घेतली होती, आणि मला आत्ता कळतंय!

आता मोरेनो यांची १९३४ पासूनची युक्ती वापरायची आहे: तुला कोणाबरोबर खेळायला आवडतं, हे प्रत्येकाला एकेकटं विचारायचं, नावांऐवजी क्रमांक टाकायचे, आणि प्रश्नावलीची उत्तरं त्याच्याशी जुळतात का पाहायचं. शिवाय एक जादा विधान आम्ही वेगळं चाचपणार आहोत: 'खेळताना माझ्यावरही राज्य येतं.' पण क्रिकेटमध्ये राज्य कुठलं? तिथे बॅटिंग मिळते का, हेच विचारावं लागेल.