बर्फावरचे गुण आणि मुलाखतीचे गुण



गेल्या महिन्यात एका बैठकीनंतर चहा घेताना आमच्या तोंडून सहज निघून गेले की, रात्री झोपायला उशीर झाला, पुरुषांचे फिगर स्केटिंग बघत बसलो होतो. आधी कोणाला कळलेच नाही. मग एकाने मोबाईलवर शोधून सगळ्यांना दाखवले. चमकीचा सदरा घातलेला एक तरुण बर्फावर हात पसरून गिरक्या घेत होता. "हा काय नाच्या आहे का?" असे म्हणून सगळे हसले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मात्र गंभीरपणे विचारले, "वस्तीत एवढे प्रश्न असताना गोऱ्या श्रीमंतांचे हे खेळ बघायला तुम्हाला वेळ कसा मिळतो?"

त्या वेळी आम्ही गप्प बसलो. आज उत्तर देतो.

पहिली गोष्ट, आम्हाला ते आवडते. गंगाखेडमध्ये बर्फ म्हणजे लग्नात पाण्याच्या टाकीत टाकायची लादी, गोळ्यावाल्याचा चुरा, नाहीतर पुण्याला कामाला गेलेला मुलगा येईपर्यंत मयत ठेवायची सोय. मे महिन्यात पत्र्याखाली पंखासुद्धा गरम हवा फेकतो. अशा घरात मोबाईल टीव्हीला जोडला आणि समोर ते पांढरे मैदान आले की आधी डोळे निवतात. मग तो एकटा माणूस येतो. संगीत सुरू होते. चार मिनिटे त्याच्या मदतीला कोणी नाही, अंगावर ढकलायलाही कोणी नाही, फक्त तो आणि पायाखालचे पाते.

आई शेजारी तूर निवडत बसलेली असते. "पायाला सुऱ्या बांधून नाचायलेत हे," एवढे तिचे समालोचन. उड्यांची नावे तिला ठाऊक नाहीत, पण कोण पडणार हे तिला आमच्या आधी कळते. "पडलं माय लेकरू!" आणि तो उठून संगीताच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा धावू लागला की ती तुरीतला हात थांबवून बघते. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमधल्या नेथन चेनची फेरी आम्ही तिच्यासोबत किती वेळा बघितली असेल, मोजदाद नाही. पहिल्या फेरीत चुका होऊन तो सतराव्या क्रमांकावर घसरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या टाकल्या, त्या फेरीत सगळ्यांत जास्त गुण मिळवले आणि एकूण पाचवा आला. पदक नाहीच मिळाले. सुवर्णपदक मिळाले चार वर्षांनी, बीजिंगमध्ये. पण आईला पाचव्या क्रमांकाचीच फेरी बघायची असते.

आता 'नाच्या'विषयी. 1976 चा ऑलिंपिक विजेता जॉन करी हा इंग्रज. लहानपणी त्याला बॅले शिकायचे होते. वडिलांनी परवानगी दिली नाही. स्केटिंग 'खेळ' म्हणून चालले. म्हणजे पुरुषाने नाचायचे नाही हा हुकूम तिकडेही होता, आणि त्या पोराने तो हुकूम बर्फावर नेऊन मोडला. ज्यांच्या बापजाद्यांनी तमाशाच्या बोर्डावर नाचून पोट भरले आणि वर गावाच्या शिव्याही खाल्ल्या, त्यांच्या पोरांनी 'नाच्या' हा शब्द शिवी म्हणून वापरावा, हे आम्हाला त्या बैठकीत जास्त लागले.

गोऱ्यांचा खेळ म्हणाल तर तेही अर्धेच खरे. मेबल फेअरबँक्स ही कृष्णवर्णीय मुलगी 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्केटिंग शिकत होती आणि रंगामुळे तिला रिंकवर मज्जाव होत होता. राष्ट्रीय स्पर्धेची दारे तिला कधी उघडली नाहीत. ती पुढे प्रशिक्षक झाली. तिचा शिष्य अटॉय विल्सन 1966 साली नवोदित पुरुष गटात अमेरिकेचा विजेता झाला; राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. बर्फ म्हणजे शेवटी गोठलेले पाणीच. पाण्याला कोणी हात लावायचा, या भांडणाची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको.

पण आम्ही खरे अडकलो ते गुणांपाशी.

धावण्याच्या शर्यतीत घड्याळ सांगते. इथे माणसे गुण देतात. आणि माणसे गुण देतात तिथे काय होते, हे लेखीत वर आणि तोंडीत खाली गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पूर्वी स्केटिंगमध्ये सहापैकी गुण असत. 5.8 का आणि 5.6 का, हे कोणी कोणाला सांगत नसे. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगचे सुवर्ण रशियन जोडीला गेले आणि एका फ्रेंच परीक्षक बाईंनी आपल्यावर दबाव होता असे सांगितले. जगभर बोभाटा झाला, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावे लागले. मग पद्धतच बदलली. आता प्रत्येक उडीची मूळ किंमत आधीच छापलेली असते. साडेचार गिरक्यांच्या ॲक्सेलला 12.50 गुण, ती उडी स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी केली इलिया मालिनिन या सतरा वर्षांच्या मुलाने, सप्टेंबर 2022 मध्ये. उडी कशी झाली यासाठी प्रत्येक परीक्षक उणे पाच ते अधिक पाच देतो. नऊ परीक्षकांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून उरलेल्यांची सरासरी घेतात. स्पर्धा संपली की तो अख्खा कागद प्रसिद्ध होतो. कोणीही वाचावा. आम्ही गंगाखेडला बसून वाचतो.

हा कागद आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्हाला आमची मुलाखत आठवली. एका संस्थेत समन्वयकाची जागा होती. लेखीत आम्ही पहिले होतो. मुलाखत सहा-सात मिनिटे चालली. त्यातली निम्मी आडनाव कुठले, मूळ गाव कोणते, घर गावात कोणत्या बाजूला, यावर गेली. समाजशास्त्राचा प्रश्न एक. निकालात आम्ही चौथे. आमच्यावर जातीमुळे अन्याय झाला, असे आम्ही सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करायला कागदच नाही! कोणी किती दिले, कशाचे दिले, काहीच नाही. एक बेरीज, खाली सही.

स्केटिंगवाल्यांचे सगळे आदर्श आहे, असे कोणी समजू नये. 2002 नंतर त्यांनी गुण उघड केले आणि परीक्षकांची नावे मात्र लपवली. कोणता आकडा कोणाचा हे कळेना. कारण असे दिले की, नाव लपले तर परीक्षकावर त्याच्या देशाचा दबाव येणार नाही. एरिक झिट्झविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तर आपल्या देशाच्या खेळाडूला झुकते माप देण्याचे प्रमाण घटले नव्हते, उलट काहीसे वाढले होते. 2016 साली नावे लपवणे बंद केले. आपल्याकडे 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क दिला, पण परीक्षकाचे नाव झाकलेलेच ठेवले. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे चांगलेच झाले. वरच्या पदांना मात्र मुलाखत आहेच. युपीएससीच्या 2025 गुणांपैकी 275 तिच्याकडे आहेत. एकेका गुणाने यादीतून नाव गळते तिथे 275 म्हणजे किती, हे अभ्यासिकेतल्या पोरांना विचारा.

अशाच एका पोराला आम्ही परवा नेथन चेनची फेरी दाखवली आणि मग तो कागद दाखवला. उड्या बघताना तो हसत होता. कागद बघताना गप्प झाला. बराच वेळ बोटाने रकाने मोजत राहिला आणि म्हणाला, "माझी मागची मुलाखत गेली ना, तिचा असा कागद मागता येतो का?"

येतो की नाही, ते मागितल्यावर कळेल. सोमवारी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. प्रत्येक सदस्याने दिलेले गुण, गुण देण्याचे निकष आणि मुलाखतीला लागलेला वेळ, एवढेच मागितले आहे. नावे देत नसाल तर सदस्य एक, दोन, तीन असे लिहा, असेही खाली लिहिले. मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आले की कळवू.