खेळ, पराभव आणि प्रार्थना

व्हिडिओ गेम हा शब्द साहित्यचर्चेत उच्चारला की अजूनही भुवया उंचावतात. कथा, कादंबरी, नाटक यांच्या पंक्तीला कळा दाबण्याचा हा खेळ कसा बसवावा, हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. माझ्यासारख्या श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाच्या मनात तर आणखी एक शंका असते : जिंकण्याच्या ईर्ष्येवर पोसलेल्या या प्रकारात क्रुसाच्या आशयाला जागा कोठून मिळणार? या दोन्ही शंकांचा एकत्र विचार करायला लावणारी एक कृती मात्र माझ्या पाहण्यात आली.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा खेळ जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले रायन व एमी ग्रीन हे ख्रिस्ती दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांची ही निर्मिती. ग्रीन दांपत्याचा मुलगा जोएल जेमतेम वर्षाचा असताना त्याला मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मार्च २०१४ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो गेला. खेळाचे काम तो हयात असतानाच सुरू झाले होते. म्हणजे कथेचा शेवट ठाऊक नसताना आईवडील ती रचत होते.

या कृतीचे बीज रुग्णालयातील एका रात्रीत आहे. जोएल तहानेने व्याकूळ होऊन रडतो आहे. खोलीत बाप आणि मूल, दोघेच. खेळणाऱ्याला बापाच्या जागी उभे केले जाते. मुलाला उचलून घ्यावे, काही पाजावे, येरझारा घालाव्यात, जे जे सुचेल ते करून पाहावे. रडे थांबत नाही. या यंत्राशी माझे सख्य नाही. नातीने शेजारी बसून कळा दाखवल्या, तेव्हा प्रथम मला वाटले की आपलेच काही चुकते आहे. मग ध्यानात आले की येथे चूकही नाही आणि बरोबरही नाही. करण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा बाप प्रार्थना करू लागतो आणि मूल हळूहळू शांत होते.

कादंबरीत हाच प्रसंग वाचताना मी बापाची असहायता समजून घेतली असती. येथे ती माझ्या हातांना कळली. खेळाचा मूलभूत करार असा की खेळणाऱ्याने कृती करावी आणि जगाने तिला प्रतिसाद द्यावा. हा करारच मोडून लेखकद्वय आपला आशय व्यक्त करते. घाट आणि आशय यांची अशी एकरूपता हेच तर आपण चांगल्या साहित्यकृतीत शोधत असतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. सगळे उपाय थकल्यावर प्रार्थना फळली, म्हणजे प्रार्थना हीसुद्धा अखेरीस सापडलेली जिंकण्याची कळच नव्हे काय? तसे असते तर ही कृती खोटी ठरली असती. परंतु त्या रात्री मूल शांत झाले, बरे झाले नाही. पुढे कितीही प्रार्थना झाल्या तरी जोएल वाचत नाही. आईचा बरे होण्यावरचा दृढ विश्वास आणि बापाला ग्रासणारा संशय यांतील ताणही येथे झाकलेला नाही. गेथशेमानेच्या बागेत प्रभूने प्याला टळावा म्हणून विनवले, आणि तो टळला नाही. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगितले गेले नाही. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. विलापाची ही परंपरा बायबलच्या गाभ्यातली आहे. प्रवचनांत मात्र आपण तिच्यावरून घाईने पुढे जातो. या खेळात घाई करता येत नाही.

नव्या घाटाचे भय मराठी ख्रिस्ती साहित्याला तरी वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध पुराणाच्या रूपात सांगितली आणि १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. ऐकणाऱ्यांच्या कानांना जे रूप सवयीचे होते, ते त्यांनी स्वीकारले. आजच्या तरुण पिढीच्या हातांना सवयीचे रूप हे असे आहे.

ही कृती निर्दोष नाही. काही ठिकाणी निवेदन अकारण काव्यमय होते आणि प्रसंगाने मूकपणे सांगितलेले शब्दांत पुन्हा सांगते. तरीही तिच्या शेवटाविषयी मला आदर वाटतो. मृत्यूनंतर जोएल पुन्हा भेटतो, हसरा, पॅनकेक खाणारा. श्रद्धावंताला त्यात पुनरुत्थानाची आशा दिसेल. अश्रद्धाला पुत्रशोकात बुडालेल्या आईबापांचे स्वप्न दिसेल. कृती कोणावरही सक्ती करत नाही. रुग्णालयातल्या त्या रात्रीला ती इतकी प्रामाणिक राहिली, म्हणूनच या आशेवर विश्वास ठेवणे मला शक्य झाले.