चाकातला खडा

खडा ही वस्तू लहानशी; पण मराठी भाषेने तिची दखल फार घेतली आहे. कुणाचे मन अजमावायचे असेल, तर आपण खडा टाकून पाहतो. एखाद्याला विषयाचे बारीकसारीक ठाऊक असले, की त्याला त्याची खडान्‌खडा माहिती आहे असे म्हणतो. घासात खडा लागला, तर सुगरणीचे सारे श्रम वाया जातात. मोटारीच्या चाकात खडा अडकला, तर मात्र काय म्हणावे, हे पूर्वजांनी सांगून ठेवलेले नाही. त्याचा विचार करण्याची वेळ बंगळुरूने माझ्यावर आणली.

हे शहर खडकावर वसलेले आहे. लालबागेतील उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून ओळखला जातो. सकाळी फिरायला येणारी माणसे त्यावर निवांत बसलेली असतात. अशाच कठीण दगडाची भोवतालच्या खाणींत खडी होते. कन्नडमध्ये तिला ‘जल्ली’ म्हणतात आणि बोलता बोलता तिची ‘जेली’ होते. ‘येथे जेली मिळेल’ हे प्रथम ऐकले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लहान मुलांचा खाऊ आला होता! ही खडी शहरभर पसरलेली असते. कुठे नळ टाकायचे असतात, कुठे पूल बांधायचा असतो. २०११ साली धावू लागलेली मेट्रो तर अजून वाढतेच आहे.

एका पावसाळ्यात सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी घेऊन निघाले होते. तपासणीची ही वेळ महिनाभर थांबून मिळाली होती. नवी खडी टाकलेला एक रस्ता ओलांडला आणि पुढच्या डाव्या चाकातून पाटीवर खिळा ओढावा तसा कर्कश आवाज येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, गाडी रडते आहे. आधी थांबव बघू.”

गाडी थांबली, आणि नीट थांबली, हे मी मनात नोंदवून ठेवले. आवाज इंजिनातून आला असता, तर मी इतकी धास्तावले नसते. गाडी सुरू न होणे ही गैरसोय आहे. गाडी न थांबणे हे संकट आहे.

जवळच्या एका मोठ्या दुरुस्तीगृहात गेलो. तेथील मनुष्याने चाक न काढताच निदान केले : दोन्ही बाजूंच्या चकत्या व पॅड बदलावे लागतील, गाडी दोन दिवस ठेवावी लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. आम्ही तशाच, अगदी हळू, पुढच्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडकडे वळलो.

तेथे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांची बोली दखनी. “घबराना नक्को, अम्मा,” ते म्हणाले. या ‘नक्को’ने सासूबाईंच्या कपाळावरची अर्धी आठी गेली. दखनी आणि मराठी शेकडो वर्षे शेजारी नांदल्या आहेत. आपला ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ दखनीत घरच्यासारखे वावरतात.

मिस्त्रींनी चाकाला हात लावला नाही. आधी त्यांनी प्रश्न विचारले. ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो का? वेग वाढला की त्याची लय वाढते का? गाडी एका बाजूला ओढते का? पेडल नरम लागते का? आवाज ब्रेकने बदलत नव्हता, चाकाच्या फेऱ्यांबरोबर मात्र वाढत होता. गाडी ओढत नव्हती आणि पेडल टणक होते. “फिर पत्थरइच होंगा,” ते म्हणाले.

पुढच्या चाकाच्या आत ओतीव लोखंडाची एक चकती फिरत असते. ब्रेक दाबला, की दोन पॅड तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात. घर्षण होते, गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते. १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा ब्रेकचे पेटंट घेतले, परंतु त्यातील तांब्याचे अस्तर त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजून जाई. आता चकतीच्या मागे धूळ-चिखल अडवण्यासाठी पातळ पत्रा असतो. दोहोंमधील फट अगदी थोडी. संरक्षणासाठी बसवलेला हा पत्राच आत शिरलेल्या खड्याला कोंडून ठेवतो.

मिस्त्रींनी गाडी प्रथम काही हात मागे घेतली, मग पुढे, पुन्हा मागे. पुष्कळदा खडा एवढ्यानेच गळून पडतो. आमचा हट्टी निघाला. तेव्हा त्यांनी मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच सैल केले आणि मग जॅक चढवला. त्याच्या शेजारी लोखंडी घोडीही ठेवली, कारण नुसत्या जॅकवर त्यांचा विश्वास नव्हता. चाक निघाल्यावर ते स्वस्थ बसून राहिले. मी घड्याळ पाहू लागले, तेव्हा म्हणाले, “गरम है.” पोराने पाण्याचा मग आणला, तो त्यांनी परत पाठवला. तापलेल्या चकतीवर गार पाणी पडले, तर ती वाकू शकते.

चकती निवल्यावर त्यांनी जाड पेचकसाने पत्रा किंचित मागे रेटला. ‘टक्’ असा आवाज झाला आणि हरभऱ्याएवढा खडा जमिनीवर पडला. तरीही ते उठले नाहीत. बॅटरीच्या उजेडात त्यांनी चकतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या, ओरखड्यावरून नख फिरवले. नख अडकत नव्हते. चर खोल असती, तर बोलणे वेगळे झाले असते. मग पत्रा सरळ केला, चाक चढवले, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मजुरी सांगितली ती दोन जणांच्या नाश्त्याइतकी. मी जास्त देऊ लागले, तर जास्तीचे पैसे त्यांनी परत केले. निघताना एवढे मात्र बजावले, की आवाजाबरोबर पेडल नरम झाले किंवा गाडी एका अंगाला ओढू लागली, तर मागेपुढे करून पाहायचे नाही. गाडी जागेवर सोडायची.

इस्पितळात आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो, पण तपासणी झाली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे परतीच्या वाटेवर सासूबाईंना सारे धूसर दिसत होते. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दिसत काही नाही गं मला. पण गाडी रडायची थांबली, ते ऐकू येतंय.”