ओट्यावरचा डाव

आमच्या घरात खेळाचं सामान कधी नव्हतं. पत्त्याचा कॅट तर दूरच, पोरांच्या हातात कवड्या दिसल्या तरी माय त्या चुलीत टाकायची. त्याला कारण होतं. माझा बाप दिवाळीच्या दिवसांत तीन पत्तीला बसायचा. मी सहा-सात वर्षांचा असेन, एका पाडव्याला त्यानं बैलजोडी हारली. दावणीचे बैल दुसऱ्याच्या दोरानं गेले आणि त्या साली आमची रब्बीची पेरणी दुसऱ्याच्या बैलांनी, दुसऱ्याच्या सवडीनं झाली.

तेव्हापासून मायनं खेळ घराबाहेर काढला. मी कर्ता झाल्यावर तेच केलं. माझ्या पोरानं दहावीच्या सुट्टीत कोणाचा तरी जुना कॅरम घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो परत करायला लावला. पोरगं काही बोललं नाही. फळी डोक्यावर घेऊन गेलं. पैशाचा खेळ वेगळा आणि बिनपैशाचा वेगळा, हे मला साठी उलटल्यावर उमजलं. ज्या एका वर्षात ते उमजलं, त्याची ही हकीकत.

२०२४ ची दिवाळी तोंडावर होती. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, पण बाजारात चार हजाराच्या आसपासच विकावं लागत होतं. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून त्याचं वावर त्याचा पोरगा वाहतो. वय चोवीस. त्यानं बावीस क्विंटल सोयाबीन विकलं, नव्वद हजाराच्या आसपास आले. त्यातून खताबियाण्याची उधारी फेडायची होती. आठ दिवस तो 'पैसे खात्यात यायचे हायेत' म्हणत राहिला. नवव्या दिवशी भावजय रडत आमच्या ओट्यावर आली. पैसे केव्हाच आले होते आणि मोबाईलवरच्या रमीत गेले होते.

मी तिरीमिरीत गेलो. हात उचललासुद्धा. पण तो मान खाली घालून गोठ्याच्या खांबाला टेकून जसा उभा होता, तसाच बाप त्या पाडव्याला रिकाम्या दावणीपाशी उभा होता. हात खाली आला.

गल्लीत एक सेवानिवृत्त मास्तर राहतात. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, मारून काही होत नाही. तो कोणत्या वेळेला खेळतो ते पाहा. त्या वेळेत त्याचे हात गुंतवून ठेवा." वेळ सोपी होती. जेवण झालं की सात ते दहा. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःचा बुद्धिबळाचा पट घेऊन आले. एक काळा हत्ती हरवलेला होता, त्याच्या जागी बॅटरीचा सेल उभा केला.

मी आयुष्यात बुद्धिबळ खेळलो नव्हतो, पण पाहिलं होतं. लहानपणी पारावर म्हातारे खेळत, तिथं मी मायची नजर चुकवून उभा राहत असे. माझे नियम त्या पारावरचे. पोरगा शाळेत शिकला होता, त्याचे नियम वेगळे. पहिल्याच डावात भांडण.

"मोठेबाबा, प्यादं पयल्या चालीले दोन घरं जाते."

"काऊन जाते? आमच्याकडे एकच घर."

मी राजाला घोड्यासारखी अडीच घरं उडवली, तर तो हसायला लागला. जुन्या देशी खेळात शह बसलेला नसेल तर राजाला अशी एक उडी मिळत असे. त्याच्या खेळात ती नाही, त्याऐवजी किल्लेकोट आहे. मास्तरांनी निवाडा केला: पांढरे मोहरे ज्याचे, त्या डावात नियम त्याचा. त्यांनी आणखी एक सांगितलं. पंजाबातला मीर सुलतान खान असाच देशी नियमांवर वाढलेला, मग विलायतेला गेला आणि तिथली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा तीनदा जिंकला, १९२९, १९३२ आणि १९३३ साली. मला जरा बरं वाटलं. डाव मात्र मी हारलो.

डिसेंबरात गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला. अठरा वर्षांचं पोर. त्या बातमीनं ओट्यावर गर्दी वाढली. पंक्चरच्या दुकानाचे चाचा येऊ लागले. ते म्हणत, समृद्धी झाल्यापासून गाड्या वरच्या वर निघून जातात, संध्याकाळी मले बी काम नाई. त्यांना बुद्धिबळाचा कंटाळा. त्यांनी कोळशानं ओट्यावर नवकंकरीचा पट आखला. एकात एक तीन चौकोन, मधून जोडणाऱ्या रेघा, प्रत्येकाला नऊ खडे. आपले तीन खडे एका रेघेत आणले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. असे पट जुन्या देवळांच्या आणि किल्ल्यांच्या दगडांवर कोरलेले सापडतात, असं मास्तर म्हणाले. म्हणजे हा काही आमचा नवा रिकामटेकडेपणा नव्हता.

एक दिवस घरची भांडी घासून बाहेर आली आणि म्हणाली, "अष्टाचंगा नाई खेळत का तुमी?" मी पाहतच राहिलो. चाळीस वर्षं झाली लग्नाला, हिला कवड्या टाकता येतात हे मला माहीत नव्हतं. माहेरी खेळायची, इथं आल्यावर सासूचा धाक. तिनं दोन चिंचोके दगडावर घासून फोडले, त्यांच्या चार डाळी झाल्या. पाच बाय पाच घरं आखली, फुल्या मारल्या. चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ आणि दोन्ही वेळेला पुन्हा टाकायचं. फुलीच्या घरात सोंगटी बसली की तिला कोणी मारत नाही. पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. तिनं पहिल्याच दिवशी मला, चाचांना आणि भावजयीला हरवलं. भाऊ गेल्यानंतर भावजय मोठ्यानं हसलेली मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली.

सगळं सरळ झालं असतं तर लिहायला सोपं होतं. मार्चमध्ये तुरीचे पैसे आले आणि पोरगा पुन्हा गेला. कुटाराच्या कोठ्यामागं मोबाईल घेऊन बसलेला मीच पाहिला. सहा हजार गेले. मला वाटलं, चार महिने आपण मूर्खासारखे लाकडाचे घोडे नाचवत बसलो. मी पट माळ्यावर टाकला. चार दिवस ओटा सुना होता. चाचा येऊन पाहून जात.

पाचव्या दिवशी पोरानं स्वतः पट खाली काढला, मोहरे लावले आणि माझी वाट पाहत बसला. मी बसलो, पण बोललो नाही. अर्ध्या डावात तोच म्हणाला, "मोठेबाबा, मोबाईलवर हारलो का दुसरा डाव लगेच येते. समोर कोनी नसते. इथं हारलो का तुमी हासता, मंग च्या येते, मंग मोहरे लावा लागते. तेवढ्यात डोकं थंडं होते."

दहावी शिकलेल्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. बापाच्या जुगारातही चहा होता, माणसं होती, तरी बैल गेले. म्हणजे नुसती माणसं असून भागत नाही. डावावर काय लावलं आहे तेही पाहावं लागतं. त्या रात्री दोन गोष्टी ठरल्या. सात वाजता मोबाईल त्याच्या आईच्या पेटीत. आणि पिकाचे पैसे आईच्या खात्यात. त्यानं स्वतः कबूल केलं. मी फक्त हो म्हटलं.

जुलैच्या २८ तारखेला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला. आपल्या विदर्भातली पोरगी, एकोणीस वर्षांची, अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवून ग्रँडमास्टर झाली. ओट्यावर पेढे वाटले गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भावाची पोरगी रोज दारात उभी राहून आमचे डाव पाहते, जसा मी पारावर पाहत असे. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. मास्तर म्हणाले, मुंबईच्या वासंती खाडिलकर १९७४ मध्येच महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, तुम्ही पन्नास वर्षं मागं आहात. त्या दिवसापासून ती बसते. आता तिच्याशी काळे मोहरे घेऊन खेळायला मी कचरतो.

ऑगस्टमध्ये दिल्लीत कायदा झाला, मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांना बंदी आली. मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. पोरगा हळूच म्हणाला, "आंदी झाला असता तं बरं झालं असतं." चाचा म्हणाले, "कायद्यानं बंद होते का?" मास्तरांनी चष्मा काढला. "जुगाराचा कायदा १८८७ सालचा आहे. तरी भाऊंच्या बापाचे बैल गेलेच." कोणी काही बोललं नाही. बापाची गोष्ट अशी चारचौघांत निघण्याची ती पहिलीच वेळ. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही.

सप्टेंबरात पाऊस थांबता थांबेना. सोयाबीन वावरात उभं सडलं, काही शेंगांना झाडावरच कोंब फुटले. मागच्या साली बावीस क्विंटल झालेल्या वावरात आठ झालं. त्यातलं निम्मं डागी. उधारी अजून चाळीस हजार बाकी आहे. पोरगा आता ट्रॅक्टरवर दुसऱ्याच्या वावरात जातो आणि आणलेली मजुरी आईच्या हातात देतो. तो कायमचा सुटला, असं मी छातीला हात लावून सांगत नाही. मार्चमध्ये मी एकदा फसलो आहे.

ज्या वहीत फवारणीचा आणि मजुरीचा खर्च लिहितो, तिच्याच मागच्या पानांवर मी डाव लिहीत गेलो. दिवाळीला मोजले. बुद्धिबळाचे दोनशे चौऱ्याऐंशी डाव. त्यातले मी जिंकलो एकोणसत्तर. पुढच्या पानांवरचा हिशेब तोट्याचा आणि मागच्या पानांवरचाही तोट्याचाच. पण मागच्या पानांच्या तोट्यानं दावणीचं काही गेलं नाही.

पाडव्याला माझा पोरगा पुण्याहून आला. गाडीतून एक मोठी चपटी वस्तू उतरवली, वरचा कागद फाडला आणि ओट्यावर ठेवली. कॅरम होता. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "बाबा, हा विकत आणला. परत नाही करत आता."

मी आत गेलो आणि पाट आणून त्याच्या समोर बसलो. मला कॅरम येत नाही. त्यानं माझं बोट धरून स्ट्रायकरवर ठेवलं.